जनसुनावणीला उत्तराचे बंधन हवे

भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर वरणगाव आहे. या गावाच्या चार-दोन कोसांच्या परिघात स्वतंत्र भारताच्या विकासनीतीची तीन रूपे एकत्र पाहावयास मिळतात. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचे एक्केचाळीस दारांचे धरण, गावालगत १९६४ साली स्थापन झालेली आयुध निर्माणी, आणि भुसावळच्या बाजूस दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र. तिन्ही प्रकल्प सार्वजनिक पैशातून उभे राहिले. त्यांनी खानदेशला पाणी, वीज व रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यासाठी आसपासच्या खेड्यांनी जमिनी दिल्या, काहींनी गावठाणे सोडली आणि काहींच्या वाट्याला राख आली, हेही तितकेच खरे आहे.

हे देणे-घेणे ठरत असताना त्या खेड्यांना विचारले कोणी? हतनूर धरण ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. तेव्हा विचारण्याचा कायदाच नव्हता. आयुध निर्माणीसारख्या प्रकल्पांच्या बाबतीत आज कायदा आहे, पण राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना त्याने जनविचारविनिमयातून वगळले आहे. मोठ्या वीज केंद्राला मात्र कायदा लागू आहे, आणि त्याखाली जनसुनावणी घ्यावी लागते. म्हणजे वरणगावच्या परिसराला या कायद्याच्या तीन अवस्था ठाऊक आहेत: कायदा नसण्याची, कायद्यातून सुटण्याची आणि कायदा असूनही हाती फारसे काही न लागण्याची. यांतील तिसरी अवस्था अधिक बारकाईने तपासली पाहिजे. कारण पहिल्या दोहोंत लोकांना आपल्याला वगळले आहे हे निदान कळते. तिसरीत त्यांना सामील करून घेतल्याचा देखावा उभा राहतो.

या कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी निघालेल्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचा अभ्यास करून पूर्वमंजुरी घेणे सक्तीचे केले. १९९७ साली त्यात जनसुनावणीची सक्ती आली. आज जी व्यवस्था चालू आहे ती १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेची. तिच्यानुसार ५०० मेगावॉट वा त्याहून मोठ्या कोळशावरील वीज प्रकल्पास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी लागते.

कागदावर पाहता ही कार्यपद्धती वाईट नाही. जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावयाची असते. तिची किमान ३० दिवसांची नोटीस एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात प्रसिद्ध करावी लागते. अहवालाचा मसुदा व सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक संस्था यांच्याकडे लोकांना पाहण्यास ठेवावा लागतो. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाखाली नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. उपस्थित असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. अखेरीस कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत सभेला वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी इतिवृत्तावर सही व्हावी लागते. ज्या देशात पटवाऱ्याच्या दप्तरातला सातबारा मिळविण्यासाठी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या हेलपाटे घातले, तेथे जिल्हाधिकाऱ्याला भर मंडपात उभे करून प्रश्न विचारण्याचा अधिकार ही लहान गोष्ट नव्हे. तो चळवळींच्या रेट्यातून मिळालेला आहे.

मग उणीव कोठे आहे? पहिली उणीव वेळेची. प्रकल्प कोठे व्हावा, कोणत्या तंत्राने व्हावा, तो तेथे हवाच का, हे प्रश्न जनसुनावणीच्या कितीतरी आधी निकालात निघालेले असतात. अभ्यासाचे विषय ठरविण्याचा जो टप्पा आहे, त्यात लोकांना विचारण्याची तरतूद नाही. दीपनगरच्या राखेचा वेल्हाळ्याच्या शिवारावर काय परिणाम होतो हे अभ्यासात घ्यावे की नाही, हे दिल्लीतील तज्ज्ञ मूल्यांकन समिती ठरविते. वेल्हाळ्याचा शेतकरी नव्हे. लोकांसमोर येतो तो तयार अहवाल. म्हणजे प्रश्नपत्रिका एकाने काढावयाची, उत्तरे दुसऱ्याने लिहावयाची आणि ज्याच्या आयुष्याची परीक्षा आहे त्याने केवळ हरकत नोंदवावयाची, असा हा प्रकार आहे.

दुसरी उणीव भाषेची. अधिसूचना सारांश राज्यभाषेत मागते. शेकडो पानांचा मूळ अहवाल मात्र इंग्रजीत आला तरी चालतो. पाण्याचा ताळेबंद, वाऱ्याच्या दिशा, राखेच्या तळ्याचे अस्तर, भूजलातील धातूंचे प्रमाण हे सगळे मूळ अहवालात असते. सारांशात बहुधा आश्वासनेच उरतात. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबन येथे झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही हीच ग्रामस्थांची मुख्य तक्रारींपैकी एक तक्रार होती. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ३५ अटी घालून मंजुरी देण्यात आली, आणि १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. शंकांचे निरसन मंडपात झाले नाही तर त्या रस्त्यावर येतात.

तिसरी उणीव अर्थशास्त्राची आहे. पर्यावरणीय आघाताचा अहवाल लिहिणारी सल्लागार संस्था प्रकल्पचालक निवडतो आणि तिचे शुल्कही तोच देतो. ज्याच्या ताळेबंदाची तपासणी करावयाची त्यानेच तपासनीस नेमावा, असा हा व्यवहार आहे. अशा अहवालात प्रकल्पाचा लाभ रुपयांत मोजला जातो आणि हानी विशेषणांत: ‘किरकोळ’, ‘तात्पुरती’, ‘नियंत्रणात ठेवता येण्याजोगी’. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस ते पंचेचाळीस टन राख कोठे तरी ठेवावी लागते. ही राख ठेवण्याचा, वाहून नेण्याचा, तिच्या धुळीने पिकावर व छातीवर होणाऱ्या परिणामाचा खर्च कोणीतरी सोसतोच. तो विजेच्या दरात धरला नाही, तर तो शेजारच्या खेड्याने मुकाट्याने भरलेला कर ठरतो. वीज साऱ्या राज्याच्या जाळ्यात जाते. राख मात्र गावाच्या शिवारातच राहते. जनसुनावणी म्हणजे हा हिशेबाबाहेर राहिलेला खर्च वहीत आणण्याची एकमेव जागा आहे. तिला औपचारिकता मानणे म्हणजे तो खर्च पुन्हा गरिबाच्या नावावर टाकणे होय.

चौथी उणीव सर्वांत मोठी आहे, आणि ती उत्तराची आहे. लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांवर प्रकल्पचालकाने आपले म्हणणे द्यावे, असे अधिसूचना सांगते. अंतिम अहवालात त्या शंकांची दखल घ्यावी, असेही ती सांगते. परंतु उत्तर देणारा हा ज्याच्याविषयी शंका आहे तोच असतो. ‘नियमानुसार काळजी घेण्यात येईल’ एवढे त्याने लिहिले की रकाना भरला. त्यानंतर प्रकरण तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जाते. त्या बैठकीत खुलासा करण्यासाठी प्रकल्पचालकाला बोलाविण्याची तरतूद अधिसूचनेत आहे; हरकत घेणाऱ्या गावाला बोलाविण्याची नाही. शिवाय स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येणार नाही असा अहवाल आला, तर जनसुनावणी वगळण्याचाही अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवला आहे. जेथे असंतोष सर्वांत तीव्र, तेथेच सुनावणी टाळता यावी, ही तरतूद लोकशाहीशी सुसंगत म्हणता येणार नाही.

न्यायालयांनी या उणिवेवर बोट ठेवलेले आहे. गोव्यातील एका खाणीविरुद्ध ‘उत्कर्ष मंडळ’ या संस्थेने केलेल्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय दिला. जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केला पाहिजे आणि त्या का स्वीकारल्या वा फेटाळल्या याची कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. खाणींचे मूल्यांकन करणाऱ्या समितीचे अध्यक्षच खाण कंपन्यांचे संचालक असल्याची बाबही त्या प्रकरणात उघड झाली. गोव्याच्याच मोपा विमानतळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित करून समितीला फेरविचार करावयास लावले. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, पण वाढीव अटींसह. विमानतळ झालाच, तरीही अर्जात दडविलेली माहिती उघड्यावर आली आणि समितीला पुन्हा कागद उघडावे लागले. एखाद्या संस्थेने नीट नोंदविलेली हरकत काय करू शकते, याचा हा पुरावा आहे.

दुर्दैवाने कारणे देण्याची ही शिस्त प्रशासनाच्या अंगवळणी पडलेली नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर हा सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प. त्याची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि पर्यावरण मंजुरी १६ फेब्रुवारी २०२४ रोजी मिळाली. मच्छीमार, डायमेकर, बागायतदार, आदिवासी अशा हजारोंच्या उपजीविकेशी संबंधित हरकतींचे इतिवृत्त दिल्लीला जाणे, अंतिम अहवाल तयार होणे, समितीने तो अभ्यासणे आणि मंत्रालयाने निर्णय देणे हे सारे चार आठवड्यांत पार पडले. या वेगाला कार्यक्षमता म्हणावयाचे की निर्णय आधीच झाला होता याची कबुली, हे सुज्ञांनी ठरवावे.

ही अपुरी व्यवस्थादेखील गेल्या काही वर्षांत पातळ होत आहे. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा आणला. लोकांना म्हणणे मांडण्यासाठी मिळणारी ३० दिवसांची मुदत २० दिवसांवर आणण्याचा आणि आधी बांधकाम, मागाहून मंजुरी या प्रथेला मान्यता देण्याचा त्यात प्रस्ताव होता. तो मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत प्रसिद्ध करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी द्यावा लागला. देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि मसुदा अंतिम झाला नाही. हा लोकशक्तीचा विजयच होता. परंतु मागाहून मंजुरीचा प्रश्न संपलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी अशा मंजुऱ्यांची वाट बंद केली, आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. कारखाना उभा राहिल्यावर गावाला ‘तुमचे मत काय’ असे विचारणे म्हणजे लग्न लागल्यावर मुलीची संमती विचारण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा, कारण तो केवळ भांडवलदारांचा नाही. तो कामगारांतूनही येतो. खानदेशात उद्योग थोडे आहेत. दीपनगरच्या संचावर कायम व कंत्राटी मिळून मोठा कामगारवर्ग जगतो. सुनावण्या लांबल्या की कामे रखडतात, मग तरुणांनी पुण्या-सुरतेची गाडी धरावी काय? शिवाय दीपनगर हे खाजगी मालकाचे नव्हे; ते महानिर्मितीचे, म्हणजे राज्याच्या मालकीचे आहे. सार्वजनिक क्षेत्राला समाजवाद्यांनीच अडथळे आणावेत काय?

या आक्षेपाचे उत्तर समाजवादी विचाराच्या मुळाशी जाणारे आहे. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप लोकांची सत्ता नव्हे. मालकी राज्याची आणि निर्णय चार सचिवांचा असेल, तर खेड्याच्या दृष्टीने मालक बदलला एवढेच. ज्या उद्योगात जनतेचा पैसा आहे, त्याने जनतेला खाजगी उद्योगापेक्षा अधिक उत्तर दिले पाहिजे, कमी नव्हे. विलंबाविषयी बोलावयाचे तर अधिसूचनेनुसार जनसुनावणीचे सारे काम ४५ दिवसांत संपवावयाचे असते. प्रकल्प वर्षानुवर्षे रखडतात ते वित्तपुरवठा, कंत्राटे, यंत्रसामग्री आणि भूसंपादनातील अन्याय यांमुळे. त्याचे खापर एका दिवसाच्या सभेवर फोडणे बरोबर नाही. आणि कामगाराची वस्तीही त्याच धुराखाली असते. कंत्राटी कामगाराच्या फुफ्फुसाची तपासणी आणि वेल्हाळ्याच्या विहिरीची तपासणी हे एकाच मागणीचे दोन भाग आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात कोणाचा स्वार्थ आहे, हे ओळखले पाहिजे.

वेळीच न ऐकल्याची किंमत काय असते, हे शेजारच्या धुळे जिल्ह्याने दाखवून दिले आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणला वीज प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली. मोबदल्यातील तफावतीविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज करून थकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला त्याचा मृत्यू झाला. तो प्रश्न मोबदल्याचा होता, पर्यावरणाचा नव्हता, हे खरे. पण दोहोंचे मूळ एकच आहे. शासनाला अर्ज घेता येतो, पोच देता येते, शिक्का मारता येतो. कारणांसह उत्तर देता येत नाही. त्या शेतकऱ्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे त्या न मिळालेल्या उत्तराच्या शोधात गेली.

म्हणून पक्षाने या प्रश्नावर काही निश्चित मागण्या घेऊन उभे राहावयास हवे. संपूर्ण अहवाल मराठीत मिळालाच पाहिजे आणि नोटिशीचे दिवस तो ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत पोहोचल्याच्या दिवसापासून मोजले पाहिजेत. अभ्यासाचे विषय ठरतानाच ग्रामसभेचे म्हणणे घेतले पाहिजे. सल्लागार संस्थेची निवड प्रकल्पचालकाने न करता स्वतंत्र यंत्रणेने करावी. शुल्क प्रकल्पचालकाकडून त्या यंत्रणेकडे जमा व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक हरकत मान्य केली की फेटाळली व का, हे मंजुरी देणाऱ्याने मुद्देसूद लिहून त्याच गावात, त्याच भाषेत, वाचून दाखविले पाहिजे. २०१३ साली ओडिशातील नियमगिरीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. तो नकार शासनाला मानावा लागला. तेथे वनहक्क कायद्याचा आधार होता. तसा आधार खानदेशच्या काळ्या जमिनीलाही असावा, अशी मागणी करण्यात गैर काहीच नाही.

परंतु मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. हाती आहे तो कायदाही कार्यकर्त्यांनी पुरेपूर वापरलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळदा सुनावणीच्या दिवशी मंडपात घोषणा होतात, सभा उधळली जाते, आणि इतिवृत्तात ‘काही ग्रामस्थांनी विरोध केला’ एवढेच एक वाक्य उरते. दिल्लीतील समिती ते एक वाक्यच वाचते. यापुढे नोटीस निघताच कार्यकर्त्याने अहवाल मिळवावा. शेतकरी, शिक्षक, डॉक्टर, मच्छीमार यांना एकत्र बसवून त्यातील आकडे गावच्या अनुभवाशी ताडून पाहावेत. विहिरींची पाणीपातळी, पिकांचे उत्पन्न, दवाखान्यातील दम्याचे रुग्ण यांच्या नोंदी स्वतः कराव्यात. हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. गोषवारा मराठीत वाचून दाखविल्याशिवाय सभा संपू देऊ नये. त्यात आपला मुद्दा नसेल तर तेथल्या तेथे नोंदवून घ्यावा. पुढे इतिवृत्त ग्रामपंचायत व जिल्हा परिषद कार्यालयात लावावे लागते. त्यावरही म्हणणे पाठविण्याची सोय आहे.

मंजुरीनंतरही काम संपत नाही. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. प्रकल्पचालकाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावयाचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. वर्षातून दोनदा हा अहवाल मिळवून तो गावाच्या सभेत मोठ्याने वाचावा. ‘राख झाकून नेली जाते’ असे त्यात लिहिले असेल, तर ज्यांच्या अंगणात ती राख पडते त्यांनी त्याखाली आपली साक्ष लिहावी. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात फोटो नाही की हार नाही. परंतु सत्तेला जाब विचारण्याचे काम बहुतांशी असेच असते.

वरणगावहून तापी ओलांडली की यावल तालुक्यातील फैजपूर फार दूर नाही. १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन तेथे भरले. साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. देशाचे प्रश्न खेड्यात येऊन, खेड्यातील माणसासमोर मांडले पाहिजेत, हा त्यामागील विचार होता. शेतीविषयक कार्यक्रमही त्या अधिवेशनाने स्वीकारला. आज जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळ आणि प्रकल्पचालक कायद्याच्या सक्तीने का होईना खेड्यात येतात, मंडप घालतात, ध्वनिक्षेपक लावतात. लोकांनी बोलावयाचे आणि त्यांनी ऐकून निघून जावयाचे, ही रीत आता बदलली पाहिजे. प्रश्न विचारला गेला त्याच मंडपात, कारणांसह, उत्तर मिळाले पाहिजे. आणि ते मिळेपर्यंत प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याची चिकाटी कार्यकर्त्यांनी दाखविली पाहिजे.